चोचीभोवतीचा दोरा

“मग काय भुंकू का मी?” तुळसाबाईनं डोक्यावरची सरपणाची मोळी ओसरीतच आदळली. “माणसाचं तोंड आहे मला. नातीशी बोलायचं नाही, तर करायचं काय त्या तोंडाचं?”

हे ती गोंडीत म्हणाली. जावयाला, चैतरामला, त्यातला शब्द न् शब्द कळला, कारण त्याच्या आईनं त्याला जोजवलं होतं ते याच भाषेत. पण त्यानं उत्तर दिलं ते भरवेलीच्या खाणवसाहतीत चालणाऱ्या भाषेत, निम्मी मराठी आणि निम्मी हिंदी.

“भुंकू नका, अम्माजी. गप बसा. इतकंच तर मांगून राह्यलो. शाळेतल्या बड़ी मॅडमनं आज मले बोलावून घेतलं. पोरगी तोंडच उघडत नाही म्हणते. क्लास में खंबे जैसी बैठती है. मले विचारलं, घरी कोणती भाषा चालते?”

“मग? काय सांगितलंस?”

चैतराम जरा अडखळला. “हिंदी म्हून सांगितलं.”

“खोटं बोललास.”

“हौ, बोललो! आता ते खरं कराचं हाये. आजपासून घर में गोंडी बंद. पोरीच्या समोर तर एक अक्षर नाही. जिसको गोंडी बोलना है, वो गाँव जाए. बैहरच्या जंगलात जा, झाडायशी बोला, माकडायशी बोला. या घरात नाही.”

‘या घरात’ म्हणताना त्यानं दाराच्या चौकटीवर थाप मारली. चौकटीला टेकून सहा वर्षांची सोमारी उभी होती. अंगावर शाळेचा निळा फ्रॉक, पायांत घामानं भिजलेले मोजे. तिनं बापाच्या हाताकडं पाहिलं, मग आजीकडं पाहिलं, आणि मग हळूच एक बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

चुलीपुढं बसलेली अंजना, सोमारीची आई, फुंकणी हातात धरून तशीच राहिली होती. “अंजना, तू तरी बोल,” तुळसाबाई म्हणाली.

“मी काय बोलू, आई? एक पाऊस जाऊ दे. शिकते का बघू,” अंजना म्हणाली, तेही गोंडीतच, आणि नवऱ्याकडं नजर जाताच तिनं चुलीत तोंड घातलं.

ज्या चौकटीवर चैतरामनं थाप मारली ती चौकट, तिच्यामागची दीड खोली आणि पाठीमागचं कुडाचं अंगण खाणीच्या दफ्तरी तुळसाबाईच्या नावानं होतं. बैहरकडच्या एका गोंड खेड्यातून ती नवऱ्याबरोबर भरवेलीला आली तेव्हा अंगानं एवढीशी होती आणि गोंडीखेरीज तिला एक शब्द येत नव्हता. मॅंगनीजचा काळा दगड फोडायचा, मातीतून निवडायचा, टोपलीत भरायचा, हे काम बायकांचं. शेजारी तुमसरकडची गोदाबाई हातोडी चालवायची. तिच्याकडून तुळसाबाई मराठी शिकली, आधी शिव्या आणि मग बाकीचं. हजेरीबाबूशी हुज्जत घालण्यासाठी हिंदी शिकली. नवरा तापानं गेला, पोर पदरात होती, हातातली हातोडी सुटली नाही, म्हणून खोलीही सुटली नाही. तीन भाषांत भांडू शकणाऱ्या या बाईला वसाहतीतले बाबूलोक अडाणी म्हणत. बाबूलोकांना एका भाषेतही धड भांडता येत नसे.

चैतराम या घरात आला तो लमसेना म्हणून. गोंडांत मुलाकडच्यांना मुलीच्या घरी देज द्यावं लागतं. ते द्यायला नसलं की मुलगा लमसेना होतो, म्हणजे मुलीच्या घरी येऊन राहतो, पडेल ते काम करतो, आणि काम पसंत पडलं की मुलगी त्याला मिळते. चैतरामनं पाणी वाहिलं, लाकडं फोडली, गावाकडं जाऊन तुळसाबाईच्या दिराचं धान कापलं. पोरगा कष्टाळू होता, आणि लाजाळूही. एका दुपारी तो मागच्या अंगणात तिच्यापुढं येऊन उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, “आत्ती, अंजनाला मला दे.” आत्ती म्हणजे बापाची बहीण, गोंडीत सासूला असंच मायेनं म्हणतात. तुळसाबाईला ते इतकं गोड लागलं की ऐकू आलं नाही असं सांगून तिनं त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग भात वाढला.

त्या आत्तीची आता अम्माजी झाली होती.

चैतराम वाईट माणूस होता असं नाही. वाईट असता तर तुळसाबाईनं त्याला केव्हाच मोळीसकट बाहेर काढला असता. तो खाणीतल्या पंपावर खलाशी, म्हणजे पंप चालवणारा कामगार होता आणि आपलं काम जाणून होता. दोन वर्षांपूर्वी नवी मशीन बसवायला बाहेरचा कोणी साहेब आला. तो पंपावर उभा राहून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. सगळे ‘यस सर’ म्हणत होते, म्हणून चैतरामही ‘यस सर’ म्हणाला, आणि जो कॉक बंद करायचा तो त्यानं पूर्ण उघडला. खाणीतलं गढूळ पाणी साहेबाच्या पांढऱ्या पाटलोणीवरून खाली आलं. साहेबानं सगळ्या पाळीच्या देखत त्याचा कान धरला आणि ‘जंगली’ म्हणाला. तेवढा एकच शब्द त्यानं हिंदीत उच्चारला. सगळे हसले. चैतरामही हसला. घरी येऊन मात्र त्यानं भाताला हात लावला नाही.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक गणित बसलं ते कायमचं. आपल्याला इंग्रजी आली नाही, कारण मध्ये गोंडी आली. पोरीच्या मध्ये ती येऊ द्यायची नाही. बालाघाटात एक इंग्रजी शाळा नव्यानं निघाली होती. तो सायकल मारत तिथं गेला, फाटकाशी उभा राहून आला, पुन्हा गेला, आणि सोमारीला घालूनच आला.

घालतानाच चूक झाली. मुलीचं नाव काय, म्हणून मॅडमनं विचारलं. सोमवारी जन्मली म्हणून सोमारी, हे त्या गुळगुळीत फरशीवर उभं राहून सांगायची त्याला लाज वाटली. हेडक्लार्कच्या घरातून रोज ऐकू येणारी एक हाक त्याला आठवली आणि तो म्हणाला, मीनाक्षी. घरी मात्र हे कोणाला सांगायचं राहून गेलं. मग काय व्हायचं? महिनाभर, मॅडमच्या ध्यानात येईपर्यंत, हजेरीत मीनाक्षी गैरहजर लागत राहिली आणि सोमारी रोज बाकावर बसून राहिली.

त्या शाळेचा एक नियम होता. बोलायचं ते इंग्रजीत. ज्याला इंग्रजीत सांगता येत नसेल त्यानं ओठांवर बोट ठेवून बसायचं. बाकीची मुलं डॉक्टरांची, वकिलांची, मोठ्या ठेकेदारांची. त्यांची बोटं घटकाभर ओठांवर राहत आणि उतरत. सोमारीचं बोट प्रार्थनेपासून सुटीपर्यंत तिथंच असे. पाणी मागायचं तर इंग्रजीत. लघवीला जायचं तर इंग्रजीत. पोरगी घशाला कोरड घेऊन आणि ओला फ्रॉक घेऊन घरी यायची. अंजना फ्रॉक धुवायची, आणि तुळसाबाई दोरीवर वाळणाऱ्या त्या निळ्या कापडाकडं बघायची. रोज धुवावा लागतो हे काही मातीमुळं नव्हे, हे तिला न सांगता कळत होतं.

आणि आता घरातही बोट ओठांवर.

तुळसाबाईनं ऐकलं, हे नवल. ऐकलं ते चैतरामच्या धमकीला भिऊन नाही. अंजनानं मागाहून पाय धरले म्हणून ऐकलं, आणि मनात कुठंतरी तिलाही वाटत होतं की आपल्यासारखी हातोडी पोरीच्या हाती येऊ नये. बघू एक पाऊस, असं म्हणून तिनं तोंड मिटलं.

पण गोंडी काढून घेतल्यावर घरात उरलं काय? चैतरामची हिंदी पंपावरची. पोरीशी बोलायला त्यातून तीन वाक्यं निघत: “खाना खाया? किताब निकाली? चलो सो जाओ.” ती संपली की त्याच्याकडं दुसरं काही नसे. अंजनाची हिंदी बाजारातली. त्या भाषेत तिला वांग्यांचा भाव पाडता येत होता. लेकीला जवळ घेऊन दोन शब्द बोलायचे म्हटले की तिच्या तोंडात काही येत नसे. ती नुसती केस विंचरायची, जरा जास्तच ओढून. इंग्रजी कोणालाच येत नव्हती. पूर्वी तुळसाबाई नातीला न्हाऊ घालताना एकेका अवयवाचं नाव घेऊन पाणी ओतायची आणि पोरगी पुढचं नाव ओरडून सांगायची. आता पाणी नुसतं ओतलं जायचं. काको म्हणजे आजी, गाटो म्हणजे भात; ‘काको, गाटो!’ म्हणून पोरगी आजीच्या पाठीवर चढायची, तेही बंद झालं. ताट पुढं आलं की जेवायची, नाही आलं तर बसून राहायची.

नळावर गोदाबाईनं एकदा अडवलंच. “काहून व तुळसा, तुह्या घरात कोनी मेलं का काय? कालपरवापासून चमच्याचाबी आवाज येत नाही.”

“आमच्या घरी इंग्रजी चालू झाली,” तुळसाबाई मराठीत म्हणाली.

“मंग आयकू कशी नाही येत?”

“आली नाही अजून. तिची वाट पाहून राह्यलो सारे.”

गोदाबाई फिसकन हसली आणि मग कळशी खाली ठेवून गंभीर झाली. “राज्य बदललं, आपन हिंदीच्या राज्यात रायलो, तवा आमचीबी मराठी शाळा गेली पाय. नातू आता मले दादीजी म्हनते. म्या म्हटलं, दादीजी असन तुही माय, मी आजी होय. पन तुले खरं सांगू? तो बोलते तरी व. चुकीचं बोलते, अर्धंमुर्धं बोलते, पन दिवसभर टकटक चालू रायते त्याची. तुही सोमारी तर मुकी झाल्यावानी करते. डाक्टरले दाखव.”

चैतरामनं दवाखान्यात नेऊन आणलंही. कंपाउंडरनं चमच्यानं जीभ दाबून पाहिली, जीभ बरोबर आहे म्हणाला, आणि लाल औषधाची बाटली दिली. जीभ बरोबर आहे हे तुळसाबाईला ठाऊक होतं. त्या जिभेवर पहिला शब्द तिनंच ठेवला होता.

सोमारी आता दिवसभर मागच्या अंगणात कोंबड्यांजवळ असायची. चार कोंबड्या होत्या, त्यांतली काळी नवाखानीसाठी राखून ठेवलेली. भादव्यात नवं धान आलं की आधी देवाला आणि मग घराला, ती नवाखानी. ही काळी भारी बडबडी होती. अंडं घातलं की अर्ध्या वसाहतीला कळवायची. एका संध्याकाळी चैतराम पोरीला समोर बसवून पुस्तकातली अक्षरं घोकवत होता. तो एकटाच घोकत होता आणि पोरगी त्याच्या तोंडाकडं बघत होती. काळीनं कोकलायला सुरुवात केली, तशी त्यानं पायातली चप्पल काढून तिच्यावर फेकली. “हिचंबी तोंड बंद करा रे कोनीतरी! साला सारं घर गावंढळ!”

पोरीनं ते ऐकलं. घरात ऐकण्याचं काम तेवढं तिच्याकडं उरलं होतं.

नवाखानीला महागू आला. महागू म्हणजे तुळसाबाईचा धाकटा दीर, गावाकडं शेती करणारा, घरच्या देवाचं सगळं त्याच्याकडं. खाण सणासाठी थांबत नाही म्हणून दरवर्षी तोच बैहरच्या गाडीनं नव्या धानाच्या लोंब्या घेऊन येई आणि क्वार्टरच्या मागच्या कुडाशी तुळसाबाईनं बांधलेल्या मातीच्या ओट्यावर पूजा करी. दारातच त्याला सोमारी दिसली. “काय गं मैना, माझं नाव काय, सांग बघू?” त्यानं गोंडीत विचारलं. मागच्या सालापर्यंत ही पोरगी त्याच्या मिशा ओढून त्याला नावानं हाक मारत असे.

सोमारीनं ओठांवर बोट ठेवलं.

महागू हसला. मग त्यानं घरातल्या मोठ्या माणसांची तोंडं पाहिली आणि त्याचं हसणं जागीच राहिलं.

पूजेला चैतरामही होता. सणासाठी त्यानं दोन दिवसांची सुटी घेतली होती आणि दोन्ही दिवस घरातच होता. ओटा सारवला, दिवा लागला. महागूनं नव्या तांदळाचे दाणे देवापुढं ओंजळभर पसरले आणि काळीला आणून त्यांच्यासमोर धरलं. रीत अशी की कोंबडीनं आपण होऊन दाणे टिपायचे. तिनं टिपले म्हणजे देवानं नैवेद्य मान्य केला. नाही टिपले तर घरात काहीतरी वाकडं आहे, आणि ते काढल्याशिवाय पुढं जायचं नाही.

काळीनं मान फिरवली.

“उजेडाला बुजली असेल,” अंजना पुटपुटली. महागूनं दिवा बाजूला केला, दाणे जवळ ओढले, पुन्हा कोंबडी सोडली. तिनं मान खाली घातली, चोच दाण्यांपर्यंत नेली आणि चटका बसल्यासारखी मागं घेतली. तिसऱ्यांदा तर ती बसलीच, डोळे मिटून.

महागूच्या कपाळावर घाम आला. “वहिनी, देव घेत नाही.”

“दिसतं आहे मला.”

“काय झालंय या घरात? देवाला तुम्ही हाक कोणत्या भाषेत मारता? दारात आलो तर पोर बोलत नाही. अंजना कानात बोलल्यासारखी बोलते. ज्या घरात देवाची भाषा नाही, त्या घरातलं देव कशाला खाईल?”

चैतरामनं इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. साहेबापुढं हसणारा हा माणूस देवापुढं मात्र थरथरत होता, आणि थरथर लपवायला ओरडत होता. “घ्या! आता देवबी माह्यावर! मी काय केलं? पोरीसाठी मरून राह्यलो, सायकल मारून मारून पाय गेले माहे! अम्माजीनंच काही केलं असन. हेच चोरून चोरून बोलत असन पोरीशी, न घर का रखा न घाट का!”

“काय व, काय झालं?” कुडावरून गोदाबाईचं डोकं वर आलं.

“काही नाही. देव इंग्रजी शिकून राह्यला,” तुळसाबाई तिला म्हणाली, आणि खाली वाकून तिनं काळीला उचललं.

देव रागावला, हे तिलाही पटलं असतं. सगळ्यांनाच पटलं होतं. पण कोंबडी हातात घेतली की बाईचा हात आपोआप गळ्याखालच्या पिशवीवर जातो, पोट भरलंय का बघायला. पिशवी रिकामी होती. चिंधीसारखी लोंबत होती. तुळसाबाईनं कोंबडी उजेडात धरली. चोचीच्या बुडाशी, वरून आणि खालून, एक बारीक खाच पडली होती. कातडं फाटून रक्त वाळलं होतं, आणि त्या वाळल्या रक्तात निळ्या दोऱ्याचा एक तंतू अडकला होता.

“हिची चोच बांधली होती कोणीतरी,” ती म्हणाली. “दोन दिवस हिनं दाणा खाल्लेला नाही. खाईल कशी? तोंड उघडलं की चिरतंय तिचं.”

मग तुळसाबाईच्या नजरेला दारातला निळा फ्रॉक दिसला. खालची शिवण एका बाजूनं उसवून लोंबत होती.

“सोमारी. इकडं ये.”

पोरगी आली. कोंबडीपुढं उभी राहिली, सरळ, हात बाजूला, शाळेत उभी राहत असेल तशी. आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्या घरात तिचा आवाज उमटला. कोंबडीकडं बोट दाखवून ती स्पष्ट म्हणाली, “फिंगर ऑन लिप्स.”

चैतरामचा चेहरा क्षणभर उजळला. इंग्रजी होती ती! एवढ्या सायकलफेऱ्यांवर, एवढ्या धुतलेल्या फ्रॉकांवर मिळालेली. मग त्याची नजर रक्ताळलेल्या चोचीवर गेली आणि तो खाली बसला.

“हे काय म्हणाली?” महागूनं विचारलं.

“गप बस म्हणाली कोंबडीला,” अंजना म्हणाली. सुटीच्या वेळी पोरीला घ्यायला फाटकाशी उभं राहून तिनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की अर्थ कोणाला सांगावा लागला नव्हता.

तुळसाबाईनं काळीला मांडीत घेतलं, नातीला जवळ ओढलं आणि गोंडीत विचारलं, अगदी साध्या आवाजात, “का बांधलंस गं?”

सोमारीनं आधी बापाकडं पाहिलं. बोलू का, असं विचारणारं ते बघणं होतं. सहा वर्षांचं लेकरू, आपल्या आजीच्या मांडीशी, आपल्याच घराच्या अंगणात, तोंड उघडायची परवानगी मागत होतं. तुळसाबाईनं ते पाहिलं.

पोरगी आजीच्या कानाशी गेली. कुजबुजली, पण अंगणात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू आलं. “काको, ती फार बोलते. बाबा घरी असला की बांधते, नसला की सोडते. आता बाबा घरीच आहे, म्हणून दोन दिवस बांधली, पूजेपुरती सोडली. बोलली की तिला गावाला हाकलतील, जंगलात. तूपण बोलू नको काको. तुला हाकलतील.”

ती गोंडीत बोलली. सारा पाऊसभर न वापरलेली, तरी एकही शब्द न गंजलेली.

“मीनाक्षी, बेटा...” चैतराम म्हणाला.

सोमारीनं वळून पाहिलं नाही. ते नाव आपलं आहे हे तिच्या अजूनही लक्षात राहत नसे.

अंजना रडायला लागली. महागूनं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. चैतराम मातीकडं बघत पायाच्या अंगठ्यानं ती उकरत होता, अगदी त्या दुपारसारखी. तुळसाबाईला ते दिसलं, आणि त्याची दयाही आली. पण दया करायची वेळ आज नव्हती. एक पाऊस जाऊ दे म्हणून ती गप्प राहिली होती, आणि त्या पावसात काय वाढलं ते तिच्या मांडीत धापा टाकत होतं.

ती उठली. काळीला तिनं परातीतल्या पाण्याशी सोडलं. कोंबडीनं चोच बुडवली, थांबली, पुन्हा बुडवली.

“महागू, ही कापायची नाही. देवाला नवा भात दे, नारळ दे.”

“असं कुठं असतं, वहिनी? देवाला कबूल केलेलं...”

“आजपासून असतं. देवाला कमी पडलं तर त्याला म्हणावं, तुळसाबाईशी बोल. मी रोज इथंच आहे.”

महागूनं नारळ जवळ ओढला.

“चैतराम.” तिनं त्याच्याकडं न बघता चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढलं. ती गोंडीतच बोलत होती, मोठ्यानं, शेजारच्या चार क्वार्टरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “गाटो वाढायला घेते आहे. जेवायचं असेल तर माग. ज्या भाषेत माझी पोरगी मागितलीस त्या भाषेत माग. त्या भाषेची लाज वाटत असेल तर या घरात तुझं ताट नाही. आणि कोणी गावाला जायचं झालंच, तर ते ठरवायला चौकट माझी आहे.”

चैतराम खालच्या मानेनं म्हणाला, “आणि शाळा? शाळेचं काय, आत्ती?”

हे आपण गोंडीत विचारलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तुळसाबाईच्या आलं. तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. पण त्यासाठी तिचा आवाज बदलला नाही.

“सोमारी उद्या शाळेत जाणार नाही. परवाही जाणार नाही. ती घरात बसेल आणि बोलेल, दमेपर्यंत बोलेल. पुन्हा शाळेत जायचं का, कोणत्या शाळेत, आणि कोणत्या नावानं, हे ती जेव्हा स्वतःच्या तोंडानं सांगेल तेव्हा मी तिला घेऊन जाईन. तू नाही, मी. तोवर सायकल ओसरीत उभी राहील.”